मुलांना चालतील अशी गाणी

त्या दिवशी दुपारी लालबागला गोळीबार झाला. आमच्या बालवर्गातल्या मंदाचे वडील पहिली पाळी संपवून घरी येत होते. ते घरी पोचले नाहीत. दोन दिवस वर्ग भरला नाही. तिसऱ्या दिवशी भरला. बाईंनी वही उघडून सकाळचं गाणं निवडायला घेतलं आणि त्यांना ते निवडता येईना.

त्या वहीबद्दल आधी सांगायला हवं, कारण बाई म्हटलं की मला पहिल्यांदा ती वहीच दिसते. दोनशे पानी, पुठ्ठ्याला निळं कापड लावलेली. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिल्यात गाणं. दुसऱ्यात, ते गाणं ऐकून चार वर्षांचं मूल काय विचारील तो प्रश्न. तिसऱ्यात आपलं उत्तर. तिसरा रकाना भरता आला तर गाणं पास. नाही आला तर त्यावर एक आडवी रेघ, तीही पट्टीनं.

मी एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते, दादरला घरी बसून पुस्तकं वाचत होते, आणि वडिलांच्या ओळखीतल्या कुणी तरी परळच्या या बालवर्गात दुसरी शिक्षिका हवी असल्याचं सांगितलं. वर्ग चाळीच्या तळमजल्यावर होता. एक लांबट खोली, दोन सतरंज्या, एक फळा आणि तीसेक मुलं. बहुतेक सगळी गिरणीतल्या कामगारांची. पहिल्या दिवशी बाईंनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षणही विचारलं नाही. म्हणाल्या, "सध्या चाळीत कुठलं गाणं जोरात आहे?"

मी म्हटलं, "मला सिनेमाची गाणी फारशी माहीत नाहीत."

"मग इथं काय करणार?" बाई म्हणाल्या. "या मुलांना दुसरी येत नाहीत."

ते खरंच होतं. शिशुवर्गासाठी छापलेली गाण्यांची पुस्तकं आमच्या कपाटात होती. त्यांत बागा होत्या, तळी होती, हंस होते. मुलं ती ऐकून घेत आणि गप्प बसत. मधल्या सुट्टीत मात्र जिन्याखाली बसून कोपऱ्यावरच्या इराण्याकडे वाजलेली गाणी तालासुरात म्हणत. बाईंचं म्हणणं असं, की मुलाच्या तोंडात जे गाणं आपणहून बसलं आहे त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्यातली चालतील ती शोधून काढावीत. हे शोधणं त्या गेली सहा-सात वर्षं करत होत्या.

बाई गिरगावात भावाच्या बिऱ्हाडात राहत. घरी रेडिओ नव्हता. सिनेमा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, पण सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, थिएटरबाहेर दोन आण्याला मिळत त्या, त्यांच्या पिशवीत सदैव असत. ट्राममध्ये त्या चोपडी उघडून वाचत बसत. मुखपृष्ठावर नायक-नायिका एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून, आणि वाचणाऱ्या बाई नऊवारीत, चष्मा नाकावर घसरलेला, हातात पेन्सिल. शेजारचे उतारू आधी चोपडीकडे बघत, मग बाईंकडे. बाईंना त्याचं काही नसे. शाळेसाठी चाललेलं काम ते.

रेकॉर्डच्या दुकानात त्या शनिवारी जात. एक-दोनदा मी बरोबर गेले. दुकानातले गृहस्थ वयानं बाईंच्याच बरोबरीचे होते. बाई रेकॉर्ड विकत घेत नसत हे त्यांना इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं, तरी शिक्षा भोगावी तसं ते त्यांना स्टुलावर बसवत आणि लावून दाखवत.

"बाई, हे ऐका. अंगाई आहे. याला तुम्ही नापास करूच शकणार नाही."

बाई ऐकत. डोळे मिटून नव्हे, रेकॉर्डकडे बघत, जणू शब्द तिथं फिरताना दिसतात. "पुन्हा लावा." पुन्हा लागे. "तिसरं कडवं पुन्हा."

"सुई झिजते हो."

"ही आई रडते आहे," बाई म्हणत. "मूल विचारील, आई का रडते. ते मला विचारणार नाही. घरी जाऊन आईला विचारील. त्या बाईनं काय सांगायचं?"

"नापास?"

"नापास."

गृहस्थ रेकॉर्ड पाकिटात घालत. "तुमच्यापुढं देवाची आरती आली तरी तिची धडगत नाही."

आणि नसेच. देवाची गाणी बाईंच्या वहीत फार थोडी टिकली. देव कुठं राहतो, या प्रश्नापुढं तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? 'मला माहीत नाही' हे उत्तर बाईंच्या नियमात बसत नव्हतं. 'मोठा झालास की कळेल' हे तर त्याहून वाईट. आमचा वर्ग चालवणाऱ्या मंडळातले एक सभासद एकदा तपासणीला आले आणि मुलांना एकही श्लोक येत नाही म्हणून नाराज होऊन गेले. पुढं दोन वर्षांनी नव्यानं बौद्ध झालेल्या एका घरातले वडील मुलाला घेऊन आले. दाराशीच उभे राहून म्हणाले, "बाई, देवाधर्माचं काही म्हणून घेणार असाल तर आत्ताच सांगा." बाईंनी त्यांच्यापुढं वही ठेवली. त्यांनी बरीच पानं उलटून पाहिली, आडव्या रेघांवरून बोट फिरवलं आणि मुलाला आत सोडलं. जाताना एवढंच म्हणाले, "प्रेमाची बरीच पास केलीत."

प्रेमाची गाणी बाईंना अवघड वाटत नसत, ही त्यांची दुसरी तऱ्हा. एक गाणं होतं, त्यात नायिका चंद्राकडून सजणाला निरोप पाठवते. वहीत त्यापुढं दोन प्रश्न होते. 'चंद्र ऐकतो का?' उत्तर: 'नाही. पण सांगितलं की आपल्याला बरं वाटतं.' 'सजणा म्हणजे काय?' उत्तर: 'आपल्याला आवडतो तो माणूस.' गाणं पास झालं आणि आठवडाभर तीस मुलं चंद्राला हाका मारत होती.

त्या आठवड्याच्या शेवटी मंदाचे वडील वर्गात आले. गिरणीच्या साळखात्यात मागावर काम करणारे, मालवणकडचे, उंच, अंगावर कापसाचे पुंजके तसेच. दारात चपला काढल्या आणि आत यावं की नाही या विचारात उंबऱ्याला पाय लावून उभे राहिले. मंदा त्यांच्या धोतराचा सोगा धरून होती.

"बाई, एक सांगूचा होता," ते म्हणाले. "आमचा चेडू माका सजणा म्हणता."

मला हसू आलं. बाईंना नाही. "कधी म्हणते?"

"पाळी सुटली की जिन्यात उभ्या ऱ्हवता नि वरसून हाक मारता. साळखात्यातले सगळे बरोबर असतत. हसतत माका."

"तुम्हाला वाईट वाटतं?"

"वायट कित्याक वाटात?" ते म्हणाले. मग मंदाच्या डोक्यावर हात ठेवून, "पण आदी सांगूक होयां होतां, बाई. वायच दाढी करून इलो असतंय."

बाई त्या दिवशी हसल्या. मी त्यांना फार थोड्या वेळा हसताना पाहिलं, त्यातली ती एक. संध्याकाळी त्यांनी वहीत त्या गाण्यापुढं एक बारीक फुली केली. फुली म्हणजे गाणं घरापर्यंत पोचलं.

अशी सगळ्यांत ठळक फुली होती ती पिशवीच्या गाण्यापुढं. ते एका पडलेल्या सिनेमातलं. सिनेमा दोन आठवड्यांत उतरला, रेकॉर्ड मात्र इराण्याकडे वर्षभर वाजत होती. दिवेलागणीला बाबा घरी येतात, हातात पिशवी असते, आणि मुलं नाचत विचारतात, पिशवीत आहे काय. रेकॉर्डमध्ये पुढं पेरू, भिरभिरं आणि असंच काही ठरलेलं होतं. आमच्या वर्गात त्या जागी थांबायचं आणि ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या मनचं सांगायचं, अशी पद्धत पडली होती. बाईंनी पाडली नव्हती. शब्द बदलणं त्यांना मुळीच चालत नसे. कुणा कवीनं लिहिलं आहे, आवडलं नाही तर गाऊ नये, पण त्यात हात घालू नये, असं त्यांचं मत. पण मुलांनी एकदा ती जागा धरली आणि बाईंना ती सोडवता येईना. कुणी म्हणे चणे, कुणी जिलबी, एकानं हत्ती सांगितला होता. मंदा नेहमी भिरभिरं सांगायची, कारण ते मुळात गाण्यात होतं आणि तिला गाणं बरोबर म्हटलेलं आवडे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. चाळीच्या भिंती गेरूनं रंगलेल्या असत, रोज कुठं ना कुठं सभा असे, आणि मुलं घोषणा देत देतच वर्गात येत. चाळीतले एक कार्यकर्ते होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. गोळीबाराच्या पंधरा-वीस दिवस आधी ते एक कागद घेऊन बाईंकडे आले.

"बाई, मैदानावर सभा आहे. आपली पोरं स्टेजवर हवीत. गाणं मी आणलंय, चाल सिनेमाची आहे, दोन दिवसांत बसेल."

बाईंनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला. "यात रक्त आहे. दोन ठिकाणी."

"चळवळीचं गाणं आहे. रक्त नको तर काय, सरबत घालू?"

"मुलं विचारतील, कुणाचं रक्त."

"सांगा ना, आपलं."

"आपलं म्हणजे कुणाचं? तुमचं, की त्यांच्या बापांचं?"

भाऊंचा चेहरा उतरला, मग चढला. "सरळ सांगा बाई. तुम्ही महाराष्ट्राच्या बाजूच्या की विरुद्ध?"

"काल मोर्चात मी तुमच्या मागं चौथ्या रांगेत होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही घोषणेत दर वेळी एक शब्द खात होता. तेवढं बघा." आणि कागद परत दिला.

भाऊ महिनाभर बाईंशी बोलले नाहीत असं झालं असतं. पण तितका वेळ गेलाच नाही. गोळीबारानंतर तिसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान लववली आणि ते गेले.

मंदाला तिची आई पंधरा दिवसांनी पुन्हा वर्गात आणून सोडून गेली. त्या माउलीनं घरात खानावळ सुरू केली होती, दहा-बारा माणसांचे डबे करायचे, मूल पायात येत होतं. मंदा जागेवर बसली. रडली नाही, त्रास दिला नाही, मणी ओवायला दिले ते ओवले. फक्त गाण्याच्या वेळेला तोंड उघडीना. आधी तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आता गाणं संपेपर्यंत ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसे.

बाईंनी त्याच दिवशी वही पहिल्या पानापासून पुन्हा तपासायला घेतली. पास झालेली गाणी एकेक वाचायची आणि विचार करायचा, हे मंदापुढं म्हणता येईल का. पिशवीचं गाणं सगळ्यांत आधी बाजूला गेलं. मग चंद्राचं. घरट्यातल्या पिलांना पक्षीण दाणे आणते ते. गाडीनं गावाला जायचं ते, कारण स्टेशनवर कुणी तरी घ्यायला येतं. पावसात भिजून घरी येणाऱ्याचं. मला तोवर कधी लक्षात आलं नव्हतं की माणसांची जवळजवळ सगळी गाणी कुणी तरी यायचं आहे म्हणूनच असतात. बाईंनी ही गाणी खोडली नाहीत. पानाचा कोपरा दुमडून ठेवला. तीन दिवसांत वही जाड दिसायला लागली.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. बाई स्टुलावर बसल्या नाहीत.

"मला एक गाणं हवं आहे," त्या म्हणाल्या. "विकत घेईन."

गृहस्थ चकित झाले. "कोणतं?"

"ज्यात कुणी कुणाची वाट बघत नाही, असं."

ते आधी हसले, बाई थट्टा करताहेत असं वाटून. बाईंनी मग मंदाचं सांगितलं, दोन वाक्यांत. त्यांनी हातातली रेकॉर्ड खाली ठेवली. "शोधतो," म्हणाले. पुढल्या शनिवारी काही नाही. त्याच्या पुढल्या शनिवारीही नाही.

"बाई, अख्खं दुकान पालथं घातलं," ते म्हणाले. "नाही हो असं गाणं. वाटच बघायची नसेल तर माणूस गाईल कशाला?"

बाईंनी पिशवीतली वही चाचपली. मला वाटतं तो प्रश्न त्यांना वहीत लिहून घ्यायचा होता.

शेवटी एक सापडलं. भिंतीवरच्या सिनेमाच्या जाहिराती खाणाऱ्या बकरीचं, एका विनोदी नटाच्या तोंडी असलेलं. कागदाबरोबर ती नायक खाते, नायिका खाते, आणि खलनायकाच्या मिश्यांशी येऊन अडते. त्यात कुणी येत नव्हतं, कुणी जात नव्हतं. बाईंनी रेकॉर्ड खरोखरच विकत घेतली आणि ती वाजवायला इराण्याकडे दिली, कारण आमच्याकडे यंत्र नव्हतं. सकाळी दहाला आम्ही मुलांना ओळीनं इराण्याच्या दारासमोर फूटपाथवर उभं करत असू. मालक आतून रेकॉर्ड लावी, मुलं बाहेर ऐकत. चहा पिणारी गिऱ्हाइकं हसत. वहीत प्रश्न होता, 'बकरीला कागद पचतो का?' उत्तर, 'थोडा पचतो.'

मुलं बकरीवर खूश होती. दिवसातून तीनदा बकरी होत असे. मंदा बकरीलाही गप्पच.

असे चार महिने गेले. या चार महिन्यांत बाई किती गाणी ऐकत होत्या, मला ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर त्या इराण्याच्या दाराबाहेर उभ्या राहत. आत जाऊन एकट्या बाईमाणसानं बसायची रीत नव्हती. मालक समुद्रापलीकडचं स्टेशन लावी, कारण आपल्या रेडिओवर तेव्हा सिनेमाची गाणी लागत नसत, आणि बाई आहेत असं दिसलं की आवाज वाढवी. मी एकदा म्हटलं, "बाई, मुलं विसरतात. तीही विसरेल." बाई म्हणाल्या, "ती विसरली नाही म्हणून तर गात नाही." आणि पुन्हा रेडिओकडे कान लावला.

मग तो दिवस. मोर्च्यामुळं ट्राम अडल्या होत्या, बाई पोचल्या नव्हत्या, आणि तीस मुलं माझ्या एकटीच्या अंगावर होती. बकरी दोनदा झाली होती. मागून कुणी तरी ओरडलं, "ताई, पिशवीचं म्हणा ना." मग सगळेच, "पिशवीचं, पिशवीचं." त्यांना चार महिने ते मिळालं नव्हतं. मला त्यांना आवरता येईना आणि मला एक युक्ती सुचली. बाबाच्या जागी मामा घालायचा. मात्रा तेवढ्याच, चालीला धक्का नाही. मला स्वतःचा जरा अभिमानही वाटला.

मी सुरू केलं. दिवा लागला, मामा आले.

"चुकलं," मंदा म्हणाली.

चार महिन्यांत गाण्याच्या वेळी तिनं उच्चारलेला पहिला शब्द. मी थांबले. "काय चुकलं, मंदा?"

"मामा नाही. बाबा आहे तिथं."

तिच्या शेजारी बसणारा मुलगा तिला समजावू लागला. "अगं, तुझे बाबा मेले ना, म्हणून ताईंनी मामा म्हटलं."

"माहितीये मला," मंदा म्हणाली. "पण गाण्यात बाबाच आहेत."

मी दाराकडे पाहिलं. बाई तिथं होत्या. त्यांची सवयच होती, चपला हातात घेऊन अनवाणी यायचं आणि आपण आलो हे कळायच्या आत मुलं काय म्हणतात ते ऐकायचं. त्या आत आल्या, चपला हातात तशाच, आणि सतरंजीवर मंदाच्या समोर बसल्या.

"तू म्हण," बाई म्हणाल्या. "कसं आहे ते आम्हाला सांग."

मंदानं म्हटलं. आवाज बसलेला होता, पहिल्या ओळीत तर फक्त ओठ हलले. दुसऱ्या ओळीपासून ऐकू आलं. सगळा वर्ग तिच्या मागून म्हणू लागला आणि त्या जागेवर येऊन थांबला. पिशवीत आहे काय?

तिची पाळी होती. मला वाटलं, भिरभिरं म्हणेल.

"डबा," मंदा म्हणाली.

मुलं हसली. "डबा काय खाऊ असतो?"

"डब्यात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"भाकरीचा तुकडा. माझा."

मुलांना कळलं. मला कळायला क्षणभर लागला, कारण माझे वडील कचेरीत जात आणि त्यांचा डबा घासायलाच परत येई. गिरणीतले बाप मुलासाठी डब्यात एक घास उरवून आणत. कालवणात भिजलेला भाकरीचा तुकडा, कधी माशाचं शेपूट. पाळी सुटली की जिन्यात पोरं थांबत ती त्यासाठी. मंदाच्या घरी आता रोज दहा-बारा डबे रिकामे होऊन परत येत होते. त्यांतल्या एकातही तिच्यासाठी काही उरवलेलं नसणार.

"बाई," मंदानं विचारलं, "बाबा येणार नाहीत, तर गाण्यात का येतात?"

मी बाईंकडे बघत राहिले. एवढी वर्षं त्या वहीत दुसऱ्याच्या मुलांचे प्रश्न आधीच लिहून ठेवत आल्या होत्या. हा त्यांनी लिहिला नव्हता. त्यांनी चपला खाली ठेवल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मला माहीत नाही, मंदा," त्या म्हणाल्या.

मंदानं थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली. "पुढं म्हणूया?"

आम्ही पुढं म्हटलं.

त्या दुपारी ट्राम सुरू झाल्या नव्हत्या. बाई चिंचपोकळीपर्यंत चालत निघाल्या आणि मी त्यांच्याबरोबर गेले. पुलाजवळ आल्यावर म्हणाल्या, "चार महिने तिचं गाणं आपण दडवून ठेवलं."

"तिला त्रास होऊ नये म्हणून, बाई."

"हो. म्हणूनच." थोडं पुढं गेल्यावर, "आणि तू शब्द बदललास."

"हो."

"पुन्हा बदलू नकोस."

एवढंच. पण त्या रागावल्या नव्हत्या, माझा हात धरून चालत होत्या. पाठीवरचा घाम, रस्त्यावरचा गिरणीचा भोंगा, त्यांच्या हाताची कोरडी बोटं, हे सगळं अजून आहे तसं आठवतं. असं कुणाचा हात धरून चालणं पुन्हा झालं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा चाळीत मोठा समारंभ झाला. भाऊ बाईंना बोलावायला स्वतः आले. म्हणाले, "मुलांचं गाणं तुम्हीच ठरवा. मी कागद आणलेला नाही." मंदा तोवर दुसरीत गेली होती, तरी पुढं येऊन उभी राहिली. रोषणाई होती, माणसं जिन्यापर्यंत दाटली होती, आणि आमच्या मुलांनी पिशवीचं गाणं म्हटलं. पुढल्या रांगेतल्या कुणी तरी कुजबुजून विचारलं, या गाण्याचा राज्याशी काय संबंध? भाऊंनी मागं वळून त्याला बोटानं गप्प केलं.

बालवर्ग पुढं काही वर्षांनी मोठ्या शाळेत मिसळला. बाई गिरगावात घरीच राहू लागल्या. ऐकण्यात आयुष्य गेलेल्या त्या बाईंना उतारवयात ऐकू कमी येऊ लागलं. मी महिन्यातून एकदा जात असे. गणपतीत मांडवातला कर्णा त्यांच्या खिडकीशीच असे. त्या मला विचारत, "काय म्हणतोय तो?" मी शब्द कागदावर लिहून देई. त्या वाचत, चष्मा वर करत. "यावर काय विचारील मूल?" मला सुचलं नाही की स्वतः सांगत, आणि बहुतेक वेळा म्हणत, "नापास." मग आम्ही चहा पीत असू.

आता माझ्या घराखालीही गाणी लागतात. शब्द कानावर पडले की माझ्या मनात प्रश्न तयार होतो. मी मान वर करते. समोर कुणी नसतं.

बाई गेल्यावर त्यांच्या भाच्यानं वही मला आणून दिली. ती माझ्या कपाटात आहे. कोपरे दुमडलेली पानं तशीच आहेत. पिशवीच्या गाण्यापुढं दुसऱ्या रकान्यात, जुन्या प्रश्नांच्या खाली, वेगळ्या शाईत मंदाचा प्रश्न लिहिलेला आहे. तिसरा रकाना कोरा आहे. गाण्यावर रेघ नाही.